उतारावरच्या सागजड्या

सागाचं रोप जंगलात लावायला नेतात तेव्हा ते रोपासारखं दिसत नाही. वाफ्यात वर्षभर वाढलेलं रोप उपटतात. पानांसकट शेंडा कापून टाकतात, दोन बोटं खोड तेवढं ठेवतात. खाली मुख्य मूळ वीतभर राखून बाकीचं तोडतात आणि त्याला फुटलेली सगळी बारीक मुळं चाकूनं तासून काढतात. हातात उरते ती अंगठ्याएवढी जाड, वाळलेल्या मुळ्यासारखी एक काडी. तिला आमच्याकडे जडी म्हणतात. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, जमिनीत भोक पाडायचं, जडी आत सोडायची, टाचेनं माती दाबायची. पंधरा-वीस दिवसांनी त्या काडीला तांबूस कोंब येतो. ज्या लाकडासाठी लोक कुठून कुठून आमच्या भागात येतात, त्याची सुरुवात अशी होते.

माझी आई गावाजवळच्या नर्सरीत जड्या कापते. मला आठवतं तेव्हापासून तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तांबडे डाग आहेत. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतो, तसेच ते. लहानपणी आम्ही मुली खेळ म्हणून तळवे रंगवायचो आणि संध्याकाळपर्यंत रंग उतरून जायचा. आईचा उतरत नसे. घरी गोंडीत आम्ही या झाडाला टेका म्हणतो, शाळेत साग शिकले आणि कॉलेजात त्याचं लॅटिन नाव. आईला पहिलं नाव पुरतं.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. यात मी चांगली दिसत नाही. पण आई आणि तिच्याबरोबरच्या बायका दिसतात, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोपर्यंत आमच्या गावातल्या बायका फक्त जड्या कापायच्या. त्या जंगलात लावायचं काम ठेकेदार घेत असे, आणि तो बाहेरून माणसं आणायचा. त्या वर्षी ग्रामसभेनं ठराव केला आणि गावाच्या वरच्या अंगाच्या उतारावरचं सगळं काम बायकांच्या गटाला मिळालं. रोपं उपटण्यापासून लावण्यापर्यंत, आणि पुढे वर्षभर राखायचंही. गटात अकरा जणी. आई त्यांच्यातली मुख्य. तिनं असं काही मागितलं नव्हतं. बायकाच म्हणाल्या, तू बोल साहेबाशी, म्हणून ती झाली.

एक अट होती. पोळा झाल्यावर वनरक्षक येऊन जिवंत रोपं मोजणार. चारातली तीन जगली तर काम गटाकडे राहणार, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा ठेकेदार. काम राहणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. नर्सरीचं पाणी, खुरपणी, उन्हाळ्याआधी वणवा अडवायची जाळरेषा साफ करणं, असं काम राहिलं तर गटातल्या बायकांना हिवाळा सरता सरता मिरची तोडायला तेलंगणात जावं लागणार नव्हतं. गटातलीच आमच्या शेजारची काकी दर वर्षी जायची. तिची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिची आई नसली की ती आमच्याकडे जेवायची आणि जेवताना एक शब्द बोलायची नाही.

मी चंद्रपूरला कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवून घरी आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्र घेतलं याचा मला फार अभिमान होता, कारण मला वाटायचं, हे तर आपल्या घरचंच आहे.

पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. जड्या कापायच्या आणि लगेच लावायच्या, अशी घाईची वेळ. नेमकं तेव्हाच मावशीला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्याबरोबर जायला आईशिवाय कोणी नव्हतं. सकाळच्या बसला चढता चढता आई मला म्हणाली, "हजेरी मांड. बारदाना वाळू देऊ नको. बाकी त्याईले सारं समजते."

एवढंच सांगितलं होतं. हजेरी मांडायची आणि कापलेल्या जड्या ज्या पोत्यांत गुंडाळून ठेवतात त्या पोत्यांवर पाणी मारायचं.

पहिल्या दिवशी मी तेवढंच केलं. मोहाच्या झाडाखाली बायका गोल बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पायाशी उपटलेल्या रोपांचा ढीग, मांडीजवळ चाकू. हात चालू आणि तोंडही चालू. मी वही घेऊन बसले होते आणि बघता बघता माझं लिहिणं थांबलं. मुळांवरची बारीक मुळं, जिथे पाणी शोषणारे केस असतात, ज्यांची आकृती मी परीक्षेत काढून आले होते, ती या बायका सालीसारखी तासून फेकत होत्या. पानंही. अन्न तयार करतात ती पानं. इतकी वर्षं मी हे पाहत होते आणि माझ्या डोक्यात कधी प्रश्न आला नव्हता. आता आला, आणि प्रश्न आला म्हणजे आपल्याला उत्तरही माहीत आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "काकी, ही बारीक मुळं काढू नका ना."

काकीनं मान वर केली नाही. "काऊन?"

"झाड पाणी त्यांनीच पितं. ती काढली तर पिणार कशानं?"

"आतापर्यंत काय दारू पेत होते काय झाडं?" काकी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मीही हसले, पण मागे हटले नाही. बॅगेतून पुस्तक आणलं. आकृती दाखवली. मूळ, मूलरोम, बाण काढून दाखवलेलं पाणी. बायका हात पुसून पुस्तकावर वाकल्या. गटातल्या दोघीतिघींना वाचता येत होतं. त्यांनीही बोट ठेवून वाचलं. मग म्हटलं, चार पानंही राहू द्या, झाडाला अन्न मिळेल.

"तुही माय तर दोन बोटंच ठेवते," एक जण म्हणाली.

"आईला कोणी सांगितलंच नाही ना हे," मी म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

काकी चाकू उचलून म्हणाली, "पुस्तकात हाय म्हणते तं असन बाप्पा. आमी कुठी शिकलो. चला वो, पोरगी म्हणते तसं करा."

त्यांनी ऐकलं. माझं ऐकलं, यानं मला इतका आनंद झाला की मी दुपारी जेवलेसुद्धा नाही, ओळीओळीनं फिरत राहिले. खालच्या ओळी आधीच लागल्या होत्या; त्याच दुपारी उतारावर वरच्या चार ओळी लागल्या. सब्बलीच्या भोकात ती झुपकेदार मुळं जाईनात. बायका दाबून कोंबत होत्या आणि मुळं दुमडून वर येत होती. काकीनं टाचेनं माती दाबली, तर खाली पोकळ वाजलं. तिनं पुन्हा दाबली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "भोक थोडं मोठं करा ना." तिनं मोठं केलं. मी त्याचा अर्थ सोयीचा लावला.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडलं. दुपारपर्यंत चारही ओळींतली पानं माना टाकून लोंबली. मी स्वतःला समजावलं की नवीन जागी गेल्यावर असं होतंच. बाकीच्या कापलेल्या रोपांचे गठ्ठे पोत्यात होते. त्या दिवशी पोतं उघडलं तर आतून कोमट वाफ आली आणि कुजल्या पानांचा वास.

आई दुपारच्या बसनं आली. घरी न जाता थेट नर्सरीत आली. तिनं पोतं उघडलं, एक गठ्ठा हातात घेतला, नाकाजवळ नेला. मग वर उताराकडे पाहिलं.

"हे कोनं केलं?"

मी तोंड उघडलं, पण आवाज बाहेर यायच्या आत काकी म्हणाली, "आमीच. कटाळा आला होता. तू नोयती, तं मनलं, कोन तासत बसते."

मला हे ऐकून काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. त्या बायकांना आळशी म्हटलेलं कधीच सहन व्हायचं नाही. ठेकेदाराचा माणूस एकदा असं बोलला होता, तर काकीनं त्याला नर्सरीच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं. तोच ठपका तिनं स्वतःहून अंगावर घेतला, आणि बाकीच्या नऊ जणींनी माना खाली घालून त्याला होकार दिला. आणि मी गप्प राहिले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

आईनं काकीकडे पाहिलं. "तुले कटाळा?" एवढंच म्हणाली. मग खाली बसली, चाकू घेतला आणि पोत्यातली रोपं एक एक काढून पुन्हा कापायला लागली. कुजलेली बाजूला टाकायची, उरलेल्यांची पानं, मुळं तासायची. बायकाही बसल्या. मी पाणी आणून दिलं. कोणीही मला काही म्हणालं नाही, आणि त्यामुळे मला तिथे उभं राहवेना.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसली होती. मी तिच्या मागे उभी राहून सांगितलं. पुस्तकापासून सगळं. आईकडे तोंड करून सांगायची हिंमत नव्हती.

"मले माहीत हाय," आई म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"त्या रोपाईनं." तिनं लाकूड आत सारलं. "तुह्या काकीचा चाकू डाव्या हाताचा हाय. तिचा काप उलटा जाते. कोनाचा काप कोनता ते मले अंधारातबी समजते. सगळ्याईनं येकाच जाग्यावर काप घेतला, चार पानं सोडून. असं बाया मनानं नाई करत. कोनीतरी सांगतलं तवाच करते."

मी रडायला लागले. आईला रडण्याचा राग येतो. "रडून राह्यली काऊन? रडल्यानं मुळ्या फुटत असत्या तं आमी नर्सरीत बसून रडलोच असतो." मग थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या गार्ड साहेब येते. आपून त्याले सांगू."

"त्यांना सांगितलं तर काम जाईल."

"नाई सांगतलं तं पोयाच्या नंतर ते सोताच पायल. मंग तं जाईलच." ती वळली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अन् तूच सांगजो. माह्यापेक्षा तुले बराबर बोलता येते."

ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, खरंच म्हटलं होतं.

सकाळी वनरक्षक मोटारसायकलवरून आले. आमच्या भागातलेच आहेत, बायकांच्या मुलांच्या वयाचे, पण त्या त्यांना साहेब म्हणतात आणि ते बायकांना बाई म्हणतात. मी त्यांना चार ओळींकडे घेऊन गेले. मागून आई आणि काकी. मी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच शब्द गेले. पुन्हा सुरुवात केली. म्हटलं की बायकांची चूक नाही, आईसुद्धा नव्हती, मी सांगितलं म्हणून असं झालं, मी पुस्तक दाखवलं होतं.

काकी मागून म्हणाली, "साहेब, तिचं काई आयकू नका. लेकरू हाय. चूक आमाईचीच हाय."

"काकी, नाही," मी म्हणाले. "माझीच आहे."

"बगा, बरी भांडून राह्यल्या," ते म्हणाले. "लोकं काम आपलं हाय म्हनून भांडते, तुमी चूक आपली हाय म्हनून भांडता." ते खाली बसले आणि एक रोप हलकेच उपटलं. मुळं वर दुमडलेली, मधे पोकळी. "कोनत्या कॉलेजात हाय तू?"

मी सांगितलं.

"तिथी नर्सरी दाखवली नाई कधी?"

"नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. "बाई, वाफ्यात रोपं उरली हायेत काय?"

"पातळ हायेत. अंगठ्याएवढी नाई. बोटाएवढी."

"बोटाएवढी लावा. पंधरा दिवसांच्या आत. आता पाऊस हाय, लागली तं लागली." ते उठले, हात झटकले. "पन मोजनी तं होनार. या चार ओळी मी सोडून नाई देनार, सांगून ठेवतो."

"सोडू नका," आई म्हणाली. "मोजा."

त्या पंधरा दिवसांत आम्ही चारही ओळी पुन्हा केल्या. लावलेली रोपं उपटायची, जी हिरवी असतील ती तासून पुन्हा लावायची, मेलेल्यांच्या जागी वाफ्यातली पातळ. मी सब्बल चालवली. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, तर काकीनं पळसाचं पान बांधून दिलं आणि म्हणाली, "हे पुस्तकात हाय काय पाय बरं." मला वाटतं तेव्हाच मला माफी मिळाली. तिनं तसं कधी म्हटलं नाही. आमच्याकडे तसं कोणी म्हणत नाही.

काम सुरू करताना उताराच्या तळाशी जे जुनं येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड आहे, तिथे आईनं तांदळाचे चार दाणे आणि एक सुकं मोहाचं फूल ठेवलं. दरवर्षी ठेवते. त्या वर्षी दोनदा ठेवलं.

सुट्टी संपून मी चंद्रपूरला परत गेले. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या सरांना विचारलं. त्यांनी ग्रंथालयातून वनशास्त्राचं एक जाड पुस्तक काढलं आणि दाखवलं. उपटताना मूलरोम तसेही तुटतात. जाड मुळात वर्षभराचा अन्नपाण्याचा साठा असतो, नवी मुळं आणि कोंब त्यातूनच फुटतात. पानं ठेवली तर उलट तीच त्यातलं पाणी उडवून टाकतात. म्हणजे आई करत होती ते पुस्तकातही होतं, फक्त माझ्या पुस्तकात नव्हतं. सरांनी मला वर्गात ही गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली, अडखळत, पण पूर्ण. तास संपताना सर म्हणाले की तुम्ही खेड्यातून आलेल्या मुलीही या जड्यांसारख्याच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा हेतू चांगला होता, मला माहीत आहे. पण मला ते पटलं नाही. मला कोणी कापलं नव्हतं. मला आईनं बसमध्ये बसवून दिलं होतं, डब्यासकट.

पोळ्यानंतर मोजणी होती. मी दोन दिवसांची सुट्टी काढून घरी आले. सकाळी सगळे उतारावर गेले. वनरक्षक पुढे, हातात चुन्याची डबी. जिवंत रोपाशेजारी चुन्याचा ठिपका देत चालले. बायका मागे. ओल्या गवतातून फक्त पायांचा आवाज. काकीनं आपल्या मुलीला कडेवर घेतलं होतं. चौथीतली मुलगी, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती. पाय लोंबत होते.

खालच्या ओळींत रोपं माझ्या गुडघ्याएवढी झाली होती, पानं सुपासारखी. वरच्या चार ओळींत ती घोट्याच्या वर जेमतेम. कुठे कुठे जागा रिकामी होती. तिथे ते थांबायचे, खाली पाहायचे आणि ठिपका न देता पुढे जायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता झालं. चौथ्या ओळीच्या शेवटी ते वहीत आकडे मांडत उभे राहिले. बराच वेळ मांडत होते. की मलाच तो वेळ लांब वाटला, माहीत नाही.

"बाई," ते आईला म्हणाले, "खालच्या ओळी लई चांगल्या झाल्या. त्याईनं वाचवलं तुमाले."

"म्हंजे?" काकी म्हणाली.

"म्हंजे बसली. चारातल्या तीनच्या वर जात हाय. थोडीच वर, पन जात हाय."

काकीनं मुलीला खाली उतरवलं. "मंग असं सांगा ना सरळ! जीव घेता काय माणसाचा!" आणि तिनं साहेबांच्या हातातली चुन्याची डबी हिसकावून मोकळ्या हातानं जवळच्या रोपाला आणखी एक ठिपका दिला. सगळ्या हसायला लागल्या. आई हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रिकाम्या जागा मोजत पुन्हा वर चढायला लागली.

काम गटाकडे राहिलं. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतून मिरचीला कोणी गेलं नाही. मी सुट्टीत आले तेव्हा काकीची मुलगी आमच्या ओसरीत पाढे म्हणत होती, चुकत होती आणि मोठ्यानं म्हणत होती.

मी आईला एकदा विचारलं, तू मला तेव्हा रागावली का नाहीस. ती म्हणाली, "रागावली असती तं तू शिकाचं सोडलं असतं." मी तिला सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी चुलीपुढे मी मनात तेच ठरवत होते. पुस्तकं परत द्यायची, चंद्रपूरला जायचं नाही. तिनं ते कसं ओळखलं हे मी विचारलं नाही. तिला बहुतेक त्याचाही काप दिसला असेल.

पुढच्या जूनमध्ये मी आईला म्हटलं, मला कापायला बसायचं आहे. तिनं स्वतः शिकवलं नाही. काकीकडे पाठवलं. काकीनं मला तिच्या डाव्या बाजूला बसवलं आणि एक जुना चाकू दिला. एका फटक्यात काप गेला पाहिजे, साल फाटता कामा नये, खोडावरची, कोंब फुटतो ती डोळ्यांची जोडी शाबूत राहिली पाहिजे. माझा पहिला काप तिरपा गेला आणि साल लोंबली. दुसऱ्यात डोळाच उडाला. मी कापत होते आणि ती माझ्या ढिगातली एक एक जडी उचलून पाहत होती.

"हे टाक. हे टाक. हे..." ती थांबली, जडी उलटसुलट केली, अंगठ्यानं साल दाबून पाहिली. "हे चालते. आन पुढची."